मराठी शाळेतील सहा दिवस

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



जुलैच्या बैठकीत आपल्या भागातील सरकारी मराठी प्राथमिक शाळेचा विषय निघाला होता, हे आपणांस आठवत असेल. शाळेत दोन शिक्षिका. त्यांपैकी एक दीर्घ रजेवर गेलेल्या, त्यांच्या जागी अतिथी शिक्षक अजून मिळालेला नाही, आणि पाच इयत्ता एकट्या मुख्याध्यापिका बाई सांभाळताहेत, अशी माहिती आली होती. त्या दिवशी आपली पाऊण तास चर्चा झाली ती निवेदनाच्या मसुद्यावर. गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यायचे की थेट जिल्हाधिकाऱ्यांना, सोबत किती जणांनी जायचे, फोटो कोण काढणार. शेवटी मागे बसलेल्या एका वहिनींनी विचारले, "निवेदन जाऊन उत्तर येईपर्यंत त्या मुलांकडे कोण बघणार?" त्यावर सभा गप्प झाली. निवेदन दिले गेले, ते योग्यच झाले. पण वहिनींच्या प्रश्नाला उत्तर म्हणून आम्ही चौघांनी हात वर केले.

आम्ही चौघे १९९० साली याच शाळेतून चौथी पास झालो. एक बँकेत कारकून, एकाचे यंत्रमाग आहेत, एक वायरमन, एकाचे किराणा दुकान. बाईंच्या परवानगीने एक आठवडा आळीपाळीने वर्गात बसायचे आणि जे दिसेल ते इथे सांगायचे, असे ठरले. बोलणारे तोंड एक असले तरी सांगणे चौघांचे आहे. बँकेतल्याला पुढे केले, कारण त्याला रोज संध्याकाळी हिशेब जुळवायची सवय आहे, असे बाकीच्या तिघांचे म्हणणे.

तेव्हा आधी पट. पहिलीत ९, दुसरीत १२, तिसरीत १०, चौथीत ११, पाचवीत १२. एकूण ५४. आमच्या वेळी एकट्या चौथीत ५२ मुले होती आणि खिडकीजवळची जागा मिळवायला भांडणे होत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. म्हणजे रजेवरच्या बाई परत आल्या तरी दोन शिक्षिका आणि पाच इयत्ता हेच गणित राहणार आहे. ते कोणा अधिकाऱ्याच्या दुष्टाव्यामुळे नाही. पट तेवढा आहे म्हणून. पहिली ते तिसरीची एकतीस मुले एका खोलीत, चौथी-पाचवी शेजारच्या खोलीत, मधले दार उघडे. आम्हाला दिली ती पहिली खोली.

सोमवारी आम्ही चौघेही गेलो. पाऊस लागलेला होता. राष्ट्रगीत आणि नाडगीत व्हरांड्यातच झाले. नंतर दुधाचे पेले. २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेत सरकारी शाळांतून दूध देतात, ते स्वयंपाकाच्या अक्का पावडर कालवून, गरम करून आणतात. भिजलेली मुले दोन्ही हातांनी पेला धरून आधी हात शेकून घेतात आणि मग पितात. हजेरी झाली, सत्तावीस हजर. मग आमच्यातल्या दुकानदाराने मोठ्या उत्साहाने सगळ्यांना एकदम गोष्ट सांगायला सुरुवात केली. दहा मिनिटांत पहिलीची मुले एकमेकांच्या खिशात हात घालू लागली, तिसरीची मुले "आम्हाला ठावी हाय ही गोष्ट" म्हणाली, आणि दुसरीतल्या दोघांची मारामारी झाली. दाराशी उभ्या असलेल्या बाई हसल्या. रागावल्या असत्या तर बरे, असे आम्हाला वाटले.

मग त्यांनी करून दाखवले. तिसरीला पाच गणिते फळ्यावर दिली. दुसरीच्या जोड्या लावल्या; एकाने धडा वाचायचा, दुसऱ्याने बोट ठेवून बघायचे, चुकले की थांबवायचे. आणि पहिलीला घेऊन त्या स्वतः खाली बसल्या, चिंचोके घेऊन. पंधरा मिनिटांनी जागा बदलली. तिसरीतल्या ज्या दोन मुलींची गणिते आधी झाली त्यांना पहिलीत पाठवले, शिकवायला. मुलांच्या घोळक्यात आठ वर्षांची ती बाई अगदी मुख्याध्यापिकांच्या आवाजात दटावत होती. एकाच वेळी तीन इयत्ता चालवायच्या म्हणजे प्रत्येक वेळी दोन इयत्तांना स्वतःहून चालणारे काम देऊन ठेवायचे. ते काम आदल्या संध्याकाळी घरी तयार करावे लागते. कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरले आहेत, त्यांत ही तयारीही येते. बाईंचे ४५ तास गुरुवारीच संपत असावेत, असा आमचा अंदाज आहे.

मंगळवारी आमच्या हातून एक चूक झाली. ती इथे सांगणे भाग आहे, कारण आपण सगळेच ती करत असतो. पहिलीतल्या एका मुलीला पुस्तकातले चित्र दाखवून विचारले, काय दिसते? ती लगेच म्हणाली, "पाऊस पडूलाय." आमच्यातल्या एकाने तिथल्या तिथे सुधारले, "पडूलाय नाही, पडतो आहे म्हण." मुलगी गप्प झाली. पुढच्या चित्राला बोलली नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिने तोंड उघडले नाही.

दुपारी बाईंनी आम्हाला बाजूला घेतले. म्हणाल्या, "ही पोर सहा वर्षं जी भाषा बोलली ती तुम्ही एका वाक्यात चुकीची ठरवलीत. आता ती मराठी बोलायलाच भिणार." मग त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहिले, तिने म्हटले तसे, पाऊस पडूलाय. तिला वाचायला लावले. स्वतःचेच वाक्य फळ्यावर बघून तिचा चेहरा फुलला. नंतर त्याच्या खाली दुसरे लिहिले, पाऊस पडतो आहे. हे पुस्तकातले, ते आपल्या घरातले, दोन्ही मराठीच. मग वर्गाला सांगितले, अशी अजून वाक्ये शोधा. तिसरीने पाच मिनिटांत फळा भरला.

मंडळी, आपण बेळगावकर पुण्याला गेलो की आपल्या बोलीला कोणी हसले तर किती झोंबते ते आपल्याला ठाऊक आहे. आणि घरी आलो की तेच आपण आपल्या पोरांना करतो. प्रमाण मराठी शिकवायलाच हवी, त्याबद्दल दुमत नाही. पुस्तके तिच्यात आहेत, वर्तमानपत्र तिच्यात आहे, आमचे हे भाषणही तिच्यातच आहे. पण ज्या पायरीवर मूल उभे आहे तीच काढून घेतली तर ते वर कसे चढणार? मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण म्हणून आपण जे मागतो, १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने घटनेत आलेल्या ज्या ३५० अ कलमाचा आपल्या प्रत्येक निवेदनात उल्लेख असतो, त्यातली मातृभाषा म्हणजे त्या मुलीच्या आईची भाषा. 'पडूलाय' ही.

बुधवारी बँकवाल्याची पाळी होती आणि विषय होता अंक. इथे जरा वेळ घेतो, कारण हा आमचा प्रांत.

दुसरीतल्या एका मुलाला सांगितले, त्रेचाळीस लिही. त्याने लिहिले ३४. पुन्हा सांगितले, पुन्हा ३४. आम्हाला वाटले याचे लक्ष नाही. तेवढ्यात आवारातल्या कन्नड शाळेच्या बाई त्यांच्या तासासाठी दारात आल्या होत्या, त्यांनी सहज म्हटले, "नलवत्तमूरु?" मुलाने पटकन ४३ लिहिले. घरी त्याची आजी कन्नड बोलणारी, गल्लीत दोन्ही भाषा. म्हणजे अंक त्याला कळत होता. अडत होते आपल्या शब्दापाशी. नलवत्तमूरु म्हणजे चाळीस आणि तीन, ज्या क्रमाने ऐकायचे त्याच क्रमाने लिहायचे. आपल्या त्रेचाळीसमध्ये तीन आधी ऐकू येतात आणि चाळीस नंतर. मुलाने ऐकले तसे लिहिले. चूक त्याची म्हणावी की नाही, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही.

आणि 'एकोण' तर विचारूच नका. एकोणपन्नास म्हणजे पन्नासाला एक कमी. कानाला ऐकू येते पन्नास, लिहायचे चारने सुरू करून. वर्गात कोणी ५१ लिहिले, कोणी ५९. हसू नका. आमच्या काउंटरवर एकदा एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या, मुदत ठेव करायला. आजी म्हणाल्या एकोणऐंशी हजार, नातवाने स्लिपवर लिहिले ८९,०००. नातू इंग्रजी शाळेत नववीत. नोटा मोजल्यावर दहा हजार कमी! आजींचा चेहरा पांढरा पडला, कोणीतरी वाटेत काढून घेतले म्हणून. १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा आहे, त्याच्या १८ व्या कलमात म्हटले आहे की आकड्यांत आणि अक्षरांत रक्कम वेगळी असेल तर अक्षरांतली धरायची. व्यवहारात असा चेक बहुधा परतच जातो, ते सोडा. पण कायद्याने शब्दाला आकड्याच्या वरचे स्थान दिले आहे, हे आम्हाला नोकरीला लागल्यापासून आवडत आलेले आहे. तो शब्दच मुलांच्या हातून निसटला तर?

२०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात वीस एक, सत्तर तीन अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. आपल्याकडेही मराठीचा खून झाला असे म्हणणारे होते. आम्ही चौघेही त्यांत होतो. बुधवारनंतर आमचा आवाज खाली आला आहे. बाई जे करतात ते असे: दहा-दहा काड्यांचे गठ्ठे रबराने बांधलेले. मुलाने चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या उचलायच्या, 'चार दशक तीन' म्हणायचे, ४३ लिहायचे आणि मग मोठ्याने म्हणायचे त्रेचाळीस. जुना शब्द जात नाही, पण हाताने ओळख झाल्यावर येतो. दुपारपर्यंत त्या मुलाने एकोणपन्नाससुद्धा बरोबर लिहिला. पाच गठ्ठे घेतले, एका गठ्ठ्याचे रबर सोडून एक काडी काढून ठेवली आणि म्हणाला, "सर, एक उणा." एकोण म्हणजे एक उणा, हे आम्हाला बी.कॉम. होऊन इतकी वर्षे झाली तरी कोणी असे दाखवले नव्हते.

गुरुवारी लावणीमुळे पट कोसळला. एकतीसांपैकी सतरा आली. आईबाप दोघेही भाताच्या लावणीला जातात, मग धाकट्याला सांभाळायला तिसरीतली मुलगी घरी. एकजण धाकट्या भावाला काखेत घेऊनच आली. बाईंनी त्यालाही एक पाटी दिली. जेवणाला भात आणि सांबार होते, अंडे होते, न खाणाऱ्यांना केळे. काही मुले सकाळी काही न खाता येतात, हे अक्कांना नावानिशी ठाऊक आहे. त्यांच्या पानात पहिला वाढा जरा मोठा पडतो.

गुरुवारचा कन्नडचा तासही पाहिला. २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्यानंतर हा विषय टप्प्याटप्प्याने पहिलीपासून आला. त्यावर आपण इथे किती बोललो आहोत ते माहीत आहे. सहा वर्षांच्या मुलाला देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या एकदम, हे ओझे आहेच, आणि तिसरीतल्या वह्या पाहिल्यावर ते दिसते. एकाच ओळीत दोन लिप्यांतली अक्षरे मिसळलेली. पण काहींना आवडणार नाही असेही सांगतो. त्या कन्नड बाई मुलांशी आपल्या बोलीत बोलतात, मुले त्यांना बिलगतात, आणि त्या आठवड्यात आपल्या मराठी बाईंना आपला मोकळा तास देऊन कोणी मदत केली असेल तर ती त्यांनी. बँकेच्या कारकुनी भरतीत त्या राज्याच्या राजभाषेची चाचणी द्यावी लागते, इथे ती कन्नड. मुलांनी कन्नड जरूर शिकावे. आपले भांडण मराठीतून मिळायचे कागद मिळत नाहीत याच्याशी आहे, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या दाव्याशी आहे. त्या बाईंशी नाही.

शुक्रवारी शाळा विकास समितीची बैठक होती. आठ पालक आले, सात बायका आणि एक आजोबा. बाईंनी आमची ओळख करून दिली, हे आपल्याच शाळेचे माजी विद्यार्थी. मग आमच्यातल्या एकाने, सवयीने, जरा भाषणच ठोकले. आपली भाषा, आपली शाळा, मुलांना शेवटपर्यंत मराठीतच शिकवा, शाळा बंद पडू देऊ नका. मागावर काम करणाऱ्या एक बाई पदर सारखा करत उठल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही सांगतासा खरं, तुमची पोरं कुठल्या साळंत जात्यात?"

आम्हा चौघांची मिळून सात मुले. सातही इंग्रजी माध्यमात.

आम्ही खरे ते सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत, खाली बसल्या. टोमणा मारायचा म्हणून विचारले नव्हते त्यांनी. आपली पोर इथे ठेवावी की कर्ज काढून पलीकडच्या इंग्रजी शाळेत घालावी, हे त्यांना ठरवायचे होते आणि शिकल्यासवरलेल्यांनी काय केले ते त्यांना जाणून घ्यायचे होते. आमच्या उत्तराने त्यांचा निर्णय कुठल्या बाजूला झुकला असेल, ते सांगायला नको.

६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्याच प्रकरणात निकाल दिला, की प्राथमिक शिक्षणाचे माध्यम सरकार लादू शकत नाही, ती निवड पालकांची. त्या दिवशी आपल्यातल्या अनेकांना आनंद झाला होता, सक्तीला चाप बसला म्हणून. निवड आपल्या हातात आली आणि आपण जुन्या घरांतल्यांनी ती कशी वापरली, ते पटावर दिसते. पटावरच्या ५४ मुलांत या सभागृहातल्या एकाही घरातले मूल नाही. आम्ही यादी ताडून पाहिली. १ नोव्हेंबरच्या फेरीत आपण असतो, १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करायला आपण असतो. आणि ज्या शाळेसाठी हे सगळे, ती चालते आहे ती विणकरांच्या, शेतमजुरांच्या आणि गवंडीकाम करणाऱ्यांच्या मुलांवर. मराठी शाळा त्यांनी टिकवली आहे, आपण नाही.

आमच्या मुलांना आता तिथे नेऊन घालतो, अशी घोषणा आम्ही करणार नाही. मोठी झाली ती. आणि खरे सांगायचे तर लहान असती तरी आमची छाती झाली असती का, याची खात्री देता येत नाही. नोकरीची भीती, चारचौघांत मूल मागे पडेल ही भीती, ती आम्हालाही होती. त्या शुक्रवारी रात्री आमच्यातल्या एकाच्या घरी जेवताना मुलाने विचारले, "बाबा, पासष्ट म्हणजे सिक्स्टी फाइव्ह की फिफ्टी सिक्स?" त्याला काड्यांचे गठ्ठे बांधून दाखवले. आठवीतला मुलगा, आधी लाजला, मग एकोणसत्तरपर्यंत आपणहून गेला.

शनिवारी सकाळची शाळा. कवायत झाली, उघडीप होती. मग गोष्टींचा तास. सोमवारी फसलेल्या दुकानदाराने या वेळी गोष्ट सांगितली नाही, मुलांना सांगायला लावली. मंगळवारची ती मुलगी उठली आणि तिने पाऊस, म्हैस आणि तिचा आजा यांची एक लांबलचक गोष्ट आपल्या बोलीत सांगितली. म्हैस ओढ्यातून परत आली की नाही, ते कळायच्या आत घंटा झाली. सोमवारी सांगते, म्हणाली. सोमवारी आमच्यातले कोणी जाणार नव्हते, ते तिला ठाऊक नव्हते.

रजेवरच्या बाई कधी येतील ते नक्की नाही. निवेदनाचा पाठपुरावा कार्यकारिणी करते आहे. तोवर मुख्याध्यापिका बाईंनी आपल्याकडे दोनच गोष्टी मागितल्या आहेत. पैसे नाहीत, हे मुद्दाम सांगतो, कारण पाकिटे काढायला आपण तयारच असतो. एक, आठवड्यातून एक दिवस दोन तास वर्गात बसू शकणारी माणसे, निवृत्त असोत वा घरच्या वहिनी; तयारी त्या करून देतील, आपण फक्त दुसरीच्या जोड्यांजवळ बसायचे. दुसरी, पुढच्या मेमध्ये प्रवेश सुरू होतील तेव्हा घरोघर जाताना सोबत दोघे-तिघे. ज्यांना आपल्या नातवंडाला तिथे घालायचे असेल त्यांनी अर्थातच आधी स्वतःच्या घरी जावे.

बँकांना २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, म्हणून ते दोन शनिवार बँकवाल्याने घेतले आहेत. मंगळवार वायरमनने घेतला आहे. सोमवार मिटला आहे. यंत्रमागवाले आणि दुकानदार आळीपाळीने जातील, म्हशीचे काय झाले ते त्यांना ऐकायचे आहे. बुधवार, गुरुवार, शुक्रवार मोकळे आहेत. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे, पेन दोऱ्याने बांधले आहे, बँकेतल्यासारखे.